पाचव्या कमानीच्या विटा

मडावी सर,

काल सकाळी मी पाचव्या कमानीचं पलस्तर खरवडायला लावलं. तुम्ही गेल्याला तीन आठवडे झाले. तुम्ही असताना तीन वर्षं मी हे होऊ दिलं नाही, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे बंडूभाऊ मिस्त्री हातात छन्नी धरून दोनदा माझ्याकडे बघत राहिला. मॅडम, नक्की ना, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नक्की, आणि हात चालव. सोमवारी संस्थेची समिती येणार आहे आणि शाळेचा बंगला पाडायचा की ठेवायचा ते त्या दिवशी ठरणार आहे.

काय निघालं ते सांगते. पण आधी आपलं भांडण जिथं तुटलं तिथून धरायला हवं. भांडण अर्धवट टाकून उठायचं ही तुमची जुनीच खोड. स्टाफरूममध्ये माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "चाला बाई, तास हाय माहा" म्हणत खडूचा डबा उचलायचात. साऱ्या शाळेची मी मॅडम, तुमची मात्र पहिल्या दिवसापासून बाई. मी मुख्याध्यापक झाले तरी त्यात फरक पडला नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आता मला तसं म्हणणारं शाळेत कुणी नाही.

मी रुजू झाले तो दिवस तुम्ही दर स्नेहसंमेलनात नक्कल करून दाखवायचात. घुग्घुसची पोरगी, कोळशाच्या धुळीत आणि सिमेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. माझ्या बापानं जन्मभर खाणीत पाळ्या केल्या त्या एका स्लॅबच्या घरासाठी, आणि स्लॅब पडला त्या दिवशी त्यानं गल्लीभर बुंदी वाटली. अशा घरातून आलेल्या मला तुम्ही गेटपाशी उभं करून बंगला दाखवलात. हात जोडल्यासारख्या टोकदार पाच कमानींचा व्हरांडा, निमुळत्या उंच खिडक्या, उतरत्या कवेलूच्या, कौलारू छपराला पुढून कोरीव लाकडाची झालर, आणि एका कोपऱ्यात काही कारण नसताना उभा असलेला बुरूज. याला गॉथिक म्हणतात, विलायतेत देवाची घरं अशी बांधतात, असं तुम्ही मोठ्या कौतुकानं सांगितलंत. मी विचारलं, हो, पण वर्ग कुठे आहेत? तुम्ही म्हणालात, हेच.

मला तो बंगला कधी आवडला नाही. छत इतकं उंच की माझा आवाज मागच्या बाकावर जायच्या आधी वर जायचा. माळ्यावर वटवाघळं. पंख्याचे दांडे इतके लांब की पंखा फिरताना सगळा वर्ग त्याच्याकडेच बघायचा. आणि दहावीच्या वर्गात भिंतीत बांधलेली शेकोटी! आपल्याकडे एप्रिलमध्ये दाराची कडी हाताला चटका देते आणि बंगला बांधवणाऱ्या गोऱ्या साहेबानं शेकोटी बांधून घेतली, कारण नकाशात होती. मी हसले तर तुम्हीही हसलात. मग तिच्यात चित्रकलेच्या रंगाच्या बाटल्या मांडल्यात आणि म्हणालात, साहेबाले अक्कल नव्हती, पन जागा चांगली ठेवून गेला.

तुमच्या-माझ्या भांडणात गंमत अशी की बाजू उलट्या पडल्या होत्या. जंगल खात्याच्या त्या साहेबासाठी धानोऱ्याकडच्या गावांतली माणसं बेगारीला धरून आणली होती, विटा भाजायला, सागाचे ओंडके ओढायला. त्यांत तुमचा पणजा होता. म्हणजे बंगल्याचा राग तुम्हाला यायला हवा होता, आणि यायचा मला. बेगारीनं बांधलेल्या घराचं कौतुक कसलं करता, असं मी एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात.

"साहेब इथी तीन उन्हाळे राह्यला, बाई," तुम्ही म्हणालात. "बांधला आमच्या लोकायनं. साठ वर्सं झाली, शिकून राह्यली आमचीच पोरं. मंग हा बंगला साहेबाचा कसा काय?"

मी विषय सिमेंटवर नेला. म्हटलं, ते असू द्या, पण गळतो ना. तुम्ही म्हणालात, कवेलू फेरले की नाही गळत.

आणि खरंच गळत नव्हता. दर मे महिन्यात तुम्ही पालकांना गोळा करायचात. सुट्टी लागली की आसपासच्या गावांतून वीस-पंचवीस माणसं यायची, बायका खालून कवेलू हातोहात वर द्यायच्या, पुरुष छपरावर बसून फुटके काढायचे, सरकलेले नीट लावायचे. दोन दिवसांचं काम, तिसऱ्या दिवशी भात आणि कोंबडीचा रस्सा. घरावरचे कवेलू फेरावेत तसे शाळेवरचे फेरायचे, यात विशेष काय, असं त्या लोकांना वाटायचं. मी त्या तीन दिवसांत कधी आले नाही. माझं सासर सिंदेवाहीचं, सुट्टी लागली की मी तिकडे.

पाचव्या कमानीची गोष्ट तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलीत तेव्हा मला ती थाप वाटली. व्हरांड्यातल्या चार कमानी सारख्या, पश्चिमेकडची शेवटची मात्र तीन बोटं बुटकी. एरवी लक्षात येत नाही, पण व्हरांड्याच्या एका टोकाला उभं राहून सरळ रेषेत पाहिलं की दिसतं. तुम्ही म्हणायचात, ती आमची कमान. सिरोंच्याकडून आलेल्या तेलुगू मिस्त्रीनं जमिनीवर दोन खुंट्या ठोकल्या, दोरानं दोन्हीकडून गोलाई आखली, तशा फळ्या कापून एक लाकडी साचा केला. तो साचा उभा करायचा, त्याच्यावर विटा रचायच्या, चुना सुकला की साचा काढून पुढच्या कमानीखाली न्यायचा. चार कमानी झाल्या आणि झड लागली. आठ दिवस पाऊस उघडेना. बेगारीची माणसं पालाच्या झोपडीत भिजत बसलेली, जळण ओलं, पोटात काही नाही. तुमच्या पणज्याला व्हरांड्यात कोरड्या फळ्या दिसल्या. त्यानं साचा फोडला आणि त्यावर पेज शिजवली.

पाऊस उघडल्यावर मिस्त्री आला तर साचा नाही. त्यानं शिव्या घातल्या, पण साहेबाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर कुणाची तरी पाठ सोलून निघाली असती. त्यानं पुन्हा खुंट्या ठोकल्या, पुन्हा दोर ताणला. दोर आठ दिवस पावसात भिजलेला, पळसाच्या मुळ्यांचा. भिजलेला दोर आखडतो. एका टोकाच्या खुंटीपासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरेना, म्हणून खुंट्या आत घेतल्या, आणि गोलाई लहान झाली. साहेबाच्या ते कधी लक्षात आलं नाही. एवढ्या मोठ्या बंगल्यात आमच्या माणसाची खूण म्हणाल तर एवढीच, असं तुम्ही म्हणायचात आणि वर हसायचात, कारण ती खूण पोटासाठी केलेल्या चुकीची होती.

मी गणित शिकवते. मी म्हटलं, सर, गोष्ट छान आहे, सिद्ध करा. तुम्ही म्हणालात, करीन कधी तरी. आपण दोघंही हसलो. त्या वेळी आपल्या भांडणात हसू होतं.

मग ते वर्ष आलं. मी नुकतीच मुख्याध्यापक झाले होते. संस्थेच्या सचिवांनी नव्या इमारतीचा विषय काढला होता, चार मजले, लिफ्टची जागा ठेवून. मला माझ्या बापाचा स्लॅब आठवला आणि मी हरखून गेले. त्या मे महिन्यात तुम्ही कवेलू फेरायचं विचारायला आलात तेव्हा मी म्हटलं, आता पाडायचीच आहे तर कशाला लोकांना उन्हात चढवता? तुम्ही एकदा वर छपराकडे पाहिलंत आणि गेलात. जुलैमध्ये सहावीच्या वर्गाबाहेर कवेलूंचा एक थर घसरला. एक मुलगी दप्तर उचलायला वाकली म्हणून वाचली. कवेलूचे तुकडे तिच्या चपलेपर्यंत आले होते.

त्याच दिवशी मी संस्थेला अर्ज लिहिला. इमारत धोकादायक झाली आहे, असं लिहिलं, आणि अर्जाला वजन यावं म्हणून पुढं लिहिलं की व्हरांड्याची पाचवी कमान तीन इंच दबली असून पाया खचत असल्याचं दिसतं. सही केली, शिक्का मारला. ते वाक्य माझं होतं. कुणी मला ते लिहायला सांगितलं नव्हतं, आणि मी कमानीला हातही लावून पाहिला नव्हता.

तुम्हाला शिपायाकडून कळलं. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल, मी तयारीत होते. तुम्ही केबिनमध्ये आलात, बसला नाहीत.

"पलस्तर खरवडून पाहू ना, बाई. कमान दबली असन तर दिसनच," तुम्ही म्हणालात. "तुमी गनितवाल्या. न मोजता सही काऊन केली?"

मी म्हटलं, मुलांच्या जिवाशी खेळायचं नाही मला. हे वाक्य असं आहे की त्याच्यापुढे कुणालाच बोलता येत नाही, म्हणूनच मी ते वापरलं. तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. मुलगी वाचली त्या संध्याकाळी तिच्या घरी तुम्हीच गेला होतात, मी नाही, हे मला नंतर कळलं. आणि त्या रविवारी चार माणसं घेऊन त्या बाजूचे कवेलू कुणाला न विचारता फेरून टाकलेत.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तुम्ही आठवी घेऊन व्हरांड्यात बसलात. फरशीवर खडूनं कमान काढली, कोरड्या दोरानं. मग तोच दोर बादलीत घातलात. मुलं गुडघ्यांवर बसून बघत होती. मी राऊंडला आले. दोर बादलीतून काढून तुम्ही एका बाजूची गोलाई ओढली होती, दुसरी ओढायची होती. मी म्हटलं, सर, तास संपलाय, आठवीचं इंग्रजी आहे. अजून दोन मिनिटं, असं तुमच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. मी घड्याळाकडे पाहिलं. तुम्ही दोर पिळून गुंडाळलात. ती अर्धी कमान फरशीवर राहिली आणि दुसऱ्या दिवशी झाडताना गेली. सर, माझ्या एकंदर नोकरीत मी जे काही केलं त्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या घड्याळाकडे पाहण्याची वाटते. मुलगी घाबरली, मी घाबरले, अर्ज गेला, हे मी स्वतःला समजावू शकते. ती दोन मिनिटं मी का दिली नाहीत ते मला अजून समजावता येत नाही.

फाईल वर्ष-दोन वर्षं पडून राहिली, मग संस्थेनं धाडलेला अभियंता आला. सभ्य माणूस होता. त्यानं टेप लावून कमानीची उंची मोजली, बाकीच्या चार मोजल्या, फरक लिहून घेतला. माझा अर्ज त्याच्या फायलीत होताच. वर सिमेंटचं पलस्तर, आत काय आहे ते दिसत नाही, मुख्याध्यापक स्वतः लिहितात की कमान दबली आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं. गेल्या दिवाळीनंतर अहवाल आला. पाया खचतोय, इमारत उतरवावी. स्टाफरूममध्ये वाचून दाखवला तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे होतात. तुमच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

तुमच्या मातीला तुमच्या गावी आले होते मी. रस्ता संपल्यावर मोटारसायकलवर मागं बसून आले. तुमच्या लोकांच्या रीतीनं सगळं चाललं होतं आणि मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून मी मोहाच्या झाडाखाली बायकांमध्ये उभी राहिले. मला कुणी पुढं बोलावलं नाही आणि मागंही सारलं नाही. आठवीची, नववीची, कॉलेजात गेलेली, लग्न झालेली पोरं आलेली. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. मला रडू आलं नाही. रडायचा हक्क आहे का आपल्याला, असा विचार करत उभी होते.

निघताना तुमची मीना माझ्याजवळ आली. तिची नजर तुमच्यासारखीच आहे, उत्तराची घाई नसलेली. मी तिला म्हटलं, सर माझ्यावर रागावले होते. म्हणजे विचारलंच म्हणा.

"रागवले नाई, बाई," ती म्हणाली. मॅडम नाही म्हणाली. "बाबा म्हनत, बाई हट्टी हाय. पन एक डाव मोजाले बसली का मंग खोटं नाई बोलत."

परत येताना मोटारसायकलच्या मागं बसून मी रडले. चालवणाऱ्या पोरानं विचारलं नाही, वेग तेवढा कमी केला.

तर काल. बंडूभाऊनं आधी पाचवी कमान उघडी केली, मग मी त्याला चौथीही करायला सांगितली. तो म्हणाला, चौथी तर चांगली आहे. मी म्हटलं, म्हणूनच. सिमेंटचं पलस्तर कडक होतं, निघताना आवाज करत होतं, पण आतला चुना मऊ आणि पांढराशुभ्र. जुन्या पातळ विटा, लालभडक, जशा भट्टीतून आल्या तशा. दोन विटांमधली दरज खालपासून टोकापर्यंत सारखी, करंगळीच्या नखाएवढी. कुठं उघडली नाही, कुठं चिरडली नाही, केसाएवढीही भेग नाही. मी स्टुलावर चढून बोट फिरवलं. साडीला चुना लागला.

मग मी मोजायला बसले. चौथ्या कमानीत डाव्या बाजूला त्रेचाळीस विटा, उजव्या बाजूला त्रेचाळीस. पाचवीत डाव्या बाजूला बेचाळीस. मी पुन्हा मोजल्या. नववीच्या दोन मुलींना बोलावलं, त्यांना काही न सांगता वेगवेगळ्या मोजायला लावल्या. दोघींचं उत्तर एकच आलं, बेचाळीस आणि बेचाळीस.

कमान दबली तर विटांची जागा हलते, दरज फाटते, पण वीट नाहीशी होत नाही. ही कमान खाली आलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून एवढीच आहे, लहान साच्यावर, प्रत्येक बाजूला एक वीट कमी घालून बांधलेली. सहावीतल्या पोराला समजेल इतकं सोपं आहे हे, आणि मी तीन वर्षं पलस्तराच्या अलीकडे उभी होते. तुम्ही सिद्ध करीन म्हणाला होतात. शेवटी ते मी केलं, तेही तुम्ही नसताना. मी स्टुलावरून उतरले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. बंडूभाऊनं मला पाणी आणून दिलं.

पण सर, फार खूश होऊ नका. तुमच्या पणज्यानं साचा जाळला की नाही ते विटा सांगत नाहीत. दोर भिजला होता की मिस्त्रीलाच झोप आली होती, तेही नाही. गोष्ट तुमची आहे, ती तुमच्या लोकांकडेच राहू दे, मी तिला सही-शिक्का देणार नाही. दुसरं असं की तुम्ही एका जागी साफ चुकलात. सागाले उधई लागत नाई, असं तुम्ही छातीठोकपणे सांगायचात. लागली आहे वाळवी. बुरुजाला लागून छपराची जी लाकडी कैची भिंतीत शिरते तिचं टोक आतून पोकळ झालंय, काल पेन्सिल घातली तर निम्मी आत गेली. बुरूज मी कालच बंद केला, क्रीडासाहित्य सातवीच्या मागच्या खोलीत हलवलं आणि सुताराला निरोप धाडला. तुम्ही असतात तर या कैचीवरून आपलं आठवडाभर वाजलं असतं. मला ते वाजायला हवं होतं.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. दोन्ही कमानींचे फोटो, विटांचा हिशेब, उधईची कैची, दरवर्षी कवेलू फेरायचा ठराव. पहिल्या ओळीत लिहिलं की तीन वर्षांपूर्वीच्या माझ्या अर्जातलं कमान दबल्याचं विधान मी पाहणी न करता केलं होतं आणि ते चुकीचं आहे. तुमचं नाव दुसऱ्या ओळीत आहे. रात्रीपर्यंत थांबले असते तर त्या ओळी सौम्य करण्याचा मोह झाला असता, म्हणून लगेच सचिवांना पाठवून दिला.

आज सकाळी सचिवांचा फोन आला. वाईट माणूस नाही तो, त्याला नवी इमारत हवी आहे, तशी मलाही हवी होती. आधी समजुतीनं बोलला. बंगल्यामागं मोकळी जागा आहे तिथं बांधा, असं मी म्हटलं. जागा लहान पडते, बंगल्याची जागा आणि समोरचं मैदान धरून आराखडा झालाय, तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला.

"मॅडम, तुमचीच एक सही म्हणते धोका आहे आणि तुमचीच दुसरी म्हणते नाही. समितीनं कोणती खरी धरायची?"

"दुसरी," मी म्हटलं. "पहिली मी न पाहता केली होती."

न पाहता सही करणाऱ्या मुख्याध्यापकाचं काय करायचं तेही समिती विचारेल, असं तो म्हणाला. विचारू दे, मी म्हटलं. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत माझी. ती शांतपणे काढायचा माझा बेत होता, तो आता मोडला. घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण पाठवलेला अहवाल परत मागितला नाही.

सर, मी तुमच्याकडून काय शिकले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचा राग मला हवा होता, तो तुम्ही दिला नाहीत, दोर घेऊन मुलांमध्ये जाऊन बसलात. मी तुमचं म्हणणं मोडलं तरी माझ्या शाळेवरचे कवेलू तुम्ही फेरत राहिलात. माझी शाळा म्हणाले बघा, सवय. एवढी वर्षं एका छपराखाली काढली आणि 'चुकलं माझं' एवढं मला तुमच्या तोंडावर म्हणता आलं नाही. आता म्हटलं तरी तुमच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जिथपर्यंत पोचेल तिथं म्हणायचं ठरवलंय.

अहवालाच्या तीन प्रती काढल्या. एक समितीला, एक त्या अभियंत्याला, आणि तिसरी मधल्या सुट्टीच्या आधी व्हरांड्यातल्या सूचनाफलकावर लावली, जिथं परीक्षेचं वेळापत्रक लागतं. घंटा झाली तशी मुलं जमली. मोठ्यांनी वाचलं, लहानांना मोठ्यांनी वाचून दाखवलं. दोघं-तिघं लगेच विटा मोजायला पळाले. आठवीतली एक मुलगी मात्र फलकापाशीच उभी राहिली. कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "मॅडम, मुख्याध्यापकाची चूक अशी फळ्यावर लावतात का?"

मी म्हटलं, "आतापर्यंत लावत नव्हते."

तिनं मान हलवली आणि ती विटा मोजायला गेली. सोमवारी समिती येईल तेव्हा कागद तिथंच असेल, सर. खाली मी उभी असेन, आणि पहिला प्रश्न त्यांनी मलाच विचारावा अशी माझी इच्छा आहे.